१४५३ मध्ये तुर्कांनी व्यापाराची वाट बंद केली नव्हती

शालेय पुस्तकांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरांत एक गोष्ट जवळजवळ ठरलेल्या क्रमाने भेटते. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं. त्यामुळे युरोप आणि आशियाला जोडणारा खुश्कीचा मार्ग बंद झाला. मसाल्यांचे भाव कडाडले. मग युरोपियनांना भारताकडे जाणारा समुद्रमार्ग शोधणं भाग पडलं. जोडीला असंही सांगतात की, शहर पडल्यावर ग्रीक पंडित हस्तलिखितं घेऊन इटलीत पळाले आणि तिथे प्रबोधनाचं युग सुरू झालं.

पाठ करायला ही साखळी सोपी आहे, म्हणून ती टिकली. पण तिची एकेक कडी हातात घेऊन पाहिली की बहुतेक निखळून पडतात. हे फक्त सनावळीचं भांडण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात जे केलं ते कुणीतरी त्यांची कोंडी केल्यामुळे केलं, असा समज या साखळीतून पक्का होतो. तो चुकीचा आहे, आणि ज्यांच्यावर ती कोंडी खरोखर लादली गेली त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

"मसाल्यांचा रस्ता कॉन्स्टँटिनोपलमधून जात होता"

नकाशा उघडून बसा. पंधराव्या शतकात मलबारची मिरी कालिकतहून निघाली की अरबी समुद्र ओलांडून एडनला यायची, तिथून तांबड्या समुद्राने जेद्दाकडे आणि पुढे इजिप्तच्या बंदरात. मग उंटांवरून आणि नाईलवरच्या होड्यांतून कैरो, आणि शेवटी अलेक्झांड्रिया. दुसरी वाट होर्मुझहून इराणच्या आखातात शिरून बसऱ्याला, तिथून काफिल्यांबरोबर अलेप्पो किंवा दमास्कस आणि मग बैरूतच्या किनाऱ्याला. अलेक्झांड्रिया आणि बैरूत या दोन बंदरांत व्हेनिसची जहाजं ठरलेल्या हंगामात येऊन माल भरायची. लवंग, जायफळ, सुंठ, दालचिनी यांचा मोठा ओघ याच दोन दारांतून युरोपात जात होता.

ही दोन्ही दारं कैरोच्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होती. कॉन्स्टँटिनोपल तिथून शेकडो मैल उत्तरेला. ऑटोमनांनी मामलुकांचा अलेप्पोजवळ मर्ज दाबिकला पराभव केला तो ऑगस्ट १५१६ मध्ये, आणि कैरो घेतलं ते १५१७ च्या सुरुवातीला. वास्को द गामा कालिकतला उतरला मे १४९८ मध्ये. म्हणजे मिरीच्या रस्त्यावर ऑटोमनांचा अंमल बसला तेव्हा पोर्तुगीज जहाजं भारतात यायला लागून अठरा-एकोणीस वर्षं झाली होती. कारण परिणामाच्या मागून येत नाही. खरं तर हा दावा इथेच संपायला हवा होता.

काळ्या समुद्राच्या वाटेने मध्य आशियात जाणारा रस्ता होता, हे खरं. तेराव्या शतकात आणि चौदाव्याच्या पूर्वार्धात, मंगोल सत्ता एकसंध होती तेव्हा, इटालियन व्यापारी ताब्रिझपर्यंतच नव्हे तर थेट चीनपर्यंत जात. पण १३३५ नंतर इराणमधलं मंगोल राज्य फुटलं, १३६८ मध्ये चीनमधली युआन सत्ता गेली आणि १३९५ मध्ये तैमूरने डॉन नदीच्या मुखाजवळचं ताना हे व्यापारी ठाणं लुटलं. त्या रस्त्याची रया १४५३ च्या कितीतरी आधी गेली होती.

"तुर्कांनी व्यापारच बंद पाडला"

शहर २९ मे १४५३ ला पडलं. खाडीपलीकडे गलाता ही जिनोआ या इटालियन शहराच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती. १ जूनला, म्हणजे तीनच दिवसांनी, ऑटोमन सुलतान मेहमद दुसरा याच्या वतीने त्यांना एक अभयपत्र मिळालं. ते ग्रीक भाषेत लिहिलेलं आहे आणि आजही उपलब्ध आहे. त्यात म्हटलंय की तुमची घरं, वखारी, जहाजं तुमचीच राहतील. जमिनीवरून आणि समुद्रावरून व्यापाराला मोकळेपणाने ये-जा करा. रिवाजाप्रमाणे जकात भरा. चर्च ठेवा, पण घंटा वाजवू नका आणि नवी चर्च बांधू नका. जेत्याची ताकद त्यात स्पष्ट दिसते, पण व्यापार मोडायचा विचार कुठेच दिसत नाही.

व्हेनिसचं प्रकरण याहून कडवट होतं. शहराच्या बचावासाठी व्हेनेशियन लढले होते, आणि तिथल्या त्यांच्या प्रमुख प्रतिनिधीला, जिरोलामो मिनोत्तोला, सुलतानाने ठार केलं होतं. तरीही अकरा महिन्यांत, एप्रिल १४५४ मध्ये, दोघांचा तह झाला. व्हेनिसला शहरात व्यापार करायची मुभा मिळाली आणि जकात ठरली दोन टक्के. पुढे १४६३ ते १४७९ अशी सोळा वर्षं दोघांत युद्ध चाललं. ते मिटताच व्हेनिसने आपला चित्रकार जेन्तिले बेल्लिनी सुलतानाच्या दरबारी पाठवला, आणि त्याने काढलेलं मेहमदचं चित्र आज लंडनमध्ये आहे. इराणचं कच्चं रेशीम बुर्सा या ऑटोमन शहराच्या बाजारात येत राहिलं, फ्लॉरेन्सचे व्यापारी आपलं लोकरी कापड देऊन ते घेत राहिले. नव्या राजधानीत माणसं वसवायला आणि फौज पोसायला पैसा लागत होता, आणि जकात हा त्याचा एक मोठा झरा होता. तो कुठला सुलतान आपल्या हाताने बुजवेल?

या काळात वाट चालून आपल्याकडे आलेला एक माणूस इथे आठवायलाच हवा. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीवर तो लुटला गेला, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरला, होर्मुझला जहाजावर चढला आणि १४६९ च्या सुमारास चौलला पोचला. सोबत विकायला आणलेला एक घोडा. जुन्नरला तिथला अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो, असं सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी माणसाने रदबदली केली, घोडाही सुटला आणि धर्मही. बिदरला काही काळ काढून निकितिन दाभोळहून परतीला लागला. होर्मुझ, ताब्रिझ आणि मग त्राबझोन. हे बंदर १४६१ पासून ऑटोमनांच्या हातात होतं. निकितिन ऑटोमनांचा शत्रू, इराणचा सत्ताधीश उझुन हसन याच्या छावणीतून आला होता, म्हणून त्याच्या सामानाची झडती झाली, कागदपत्रं शोधली गेली आणि चांगल्या वस्तू लांबवल्या गेल्या. पण त्याला पुढे जाऊ दिलं. काळा समुद्र ओलांडून तो क्रिमियातल्या काफ्फा या जिनोआच्या बंदरात पोचला.

त्रास, लूट, जुलूम, सगळं त्या प्रवासात आहे. १४५३ च्या आधीच्या प्रवासांतही ते होतंच. बंद रस्ता मात्र त्यात नाही.

"म्हणून पोर्तुगीज समुद्रात उतरले"

पोर्तुगालने मोरोक्कोतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये. अटलांटिकमधल्या मदेइरा बेटावर वसाहत १४२० च्या आसपास. त्यांचा दर्यावर्दी जिल एआनेश पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं केप बोजादोर ओलांडून गेला १४३४ मध्ये. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेले २३५ स्त्री-पुरुष आणि मुलं उतरवून वाटली गेली. राजाच्या बखरकाराने, झुराराने, आया आणि लेकरं एकमेकांपासून ओढून काढली जात असतानाचा आक्रोश लिहून ठेवला आहे. तेव्हा मेहमद बारा वर्षांचा होता आणि कॉन्स्टँटिनोपलवर अजून बायझंटाइन सम्राटाचं राज्य होतं.

त्यांना काय हवं होतं? सहारापलीकडचं सोनं, जे तोवर उंटांच्या तांड्यांनी मोरोक्कोत येत होतं. गुलाम. साखरेच्या मळ्यांसाठी बेटं. मुसलमान सत्तांना पाठीमागून गाठायचं होतं, आणि प्रेस्टर जॉन नावाचा एक दंतकथेतला ख्रिस्ती राजा पलीकडे कुठेतरी आहे, त्याच्याशी हात मिळवायचा होता. पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर अ-ख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचं गुलाम करायचा अधिकार दिला तो जून १४५२ मध्ये. शहर पडायला अजून अकरा महिने होते. १४५५ च्या दुसऱ्या आज्ञापत्राने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची मक्तेदारी पोर्तुगालला दिली. या सगळ्याला धर्मयुद्धाची भाषा होती, आणि १४५३ च्या धक्क्याने ती भाषा आणखी चढली, हे मान्य. पण जहाजं चार दशकं आधीच निघाली होती.

भारताचा विचार जोर धरतो तो १४८० च्या दशकात, राजा जुआंव दुसरा याच्या काळात. दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाशला त्याने आफ्रिकेला वळसा घालायला धाडलं आणि १४८७ मध्येच पेरो दा कोव्हिल्यां आणि आफोन्सो दे पायव्हा या दोघांना जमिनीच्या वाटेने हेरगिरीला पाठवलं. दोघांनी ऱ्होड्स बेटावर मध विकत घेतला आणि मधाचे व्यापारी म्हणून अलेक्झांड्रियात उतरले. तिथे दोघांनाही ताप भरला. हे काही जगत नाहीत, असं समजून तिथल्या हाकिमाने त्यांचा माल जप्त केला. ते बरे झाले आणि त्यांना मालाची भरपाई मिळाली. पुढे व्यापाऱ्यांच्या सोबतीने कैरो, तांबडा समुद्र, एडन. कोव्हिल्यां तिथून कन्नूर, कालिकत आणि गोवा पाहून आला, होर्मुझला जाऊन आला, आणि कैरोला परतून त्याने आपल्या राजाकडे अहवाल रवाना केला. जो रस्ता चौतीस वर्षांपूर्वी बंद झाला म्हणून सांगतात, त्याच रस्त्याने पोर्तुगालचा हेर भारतात आला आणि परत कैरोपर्यंत गेला.

अकरा वर्षांनी गामाचा माणूस कालिकतच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याला पहिल्यांदा भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान. त्यांना स्पेनची आणि जिनोआची भाषा येत होती. इकडे कशाला तडमडलात, असं त्यांनी विचारल्यावर उत्तर मिळालं की ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला आलोय. ट्युनिसचे व्यापारी कालिकतला बसलेत आणि जिनोआची भाषा बोलतायत, एवढी एक गोष्ट बंद मार्गाची कहाणी मोडायला मला पुरेशी वाटते.

कोलंबसबद्दल फार लिहायची गरज नाही. पृथ्वी आहे त्याहून लहान आहे असा त्याचा हिशेब चुकला होता, आणि पश्चिमेकडून आशिया जवळ पडेल असं त्याला वाटलं. त्यात तुर्कांचा हात नाही.

"मसाल्यांचे भाव कडाडले"

हा दावा तपासता येतो, कारण व्हेनिसचे व्यापारी भाव लिहून ठेवत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मिरी महाग होती, शतकाच्या मध्यापर्यंत ती उतरली, आणि १४५३ नंतर भावाने उसळी घेतल्याचं दिसत नाही. अमेरिकन इतिहासकार आल्बर्ट लायब्यर यांनी १९१५ मध्येच या आधारावर ऑटोमनांनी मार्ग बंद केल्याची कथा खोडून काढली. शंभराहून अधिक वर्षं झाली, आपल्या नोट्स अजून तिथेच आहेत.

व्हेनिसची तक्रार होती, पण ती कैरोबद्दल. मामलुक सुलतान बार्सबाय याने १४२० च्या दशकाअखेरीस मिरीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली आणि ठरलेल्या भावाने ती व्हेनेशियनांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. १५०१ मध्ये पोर्तुगीज मसाले घेऊन लिस्बनला पोचल्याची बातमी आली, तेव्हा व्हेनिसचा सावकार जिरोलामो प्रिउली याने रोजनिशीत घाबरून लिहिलं: सुलतानाच्या मुलुखातून येताना ठिकठिकाणी जकात भरावी लागते, म्हणून आमचा माल महाग पडतो, पोर्तुगीजांना ती नाही. बगल द्यायची होती ती या दलालीला, कैरोच्या आणि व्हेनिसच्याही.

भाव खरोखर चढले ते १४९९ नंतर. १५०४ मध्ये व्हेनिसची जहाजं अलेक्झांड्रियाला गेली आणि त्यांना मिरीचं एक पोतंही मिळालं नाही. मिरी अडवली होती पोर्तुगीजांनी, समुद्रावर.

"पळालेल्या पंडितांनी प्रबोधन आणलं"

प्रबोधनाचा आद्य पुरुष मानला जाणारा इटालियन कवी पेत्रार्क १३७४ मध्ये वारला. मानुएल क्रिसोलोरास हा बायझंटाइन विद्वान फ्लॉरेन्सच्या निमंत्रणावरून १३९७ पासून तिथे ग्रीक शिकवत होता. पोज्जो या इटालियन विद्वानाला ल्युक्रेशियस या रोमन कवीचं हस्तलिखित सापडलं १४१७ मध्ये, आणि तेही आल्प्सच्या उत्तरेकडे. ऑरिस्पा नावाचा सिसिलीचा एक हरहुन्नरी माणूस १४२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून २३८ ग्रीक हस्तलिखितं घेऊन व्हेनिसला आला. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. १४३८-३९ मध्ये रोमन आणि ग्रीक अशा दोन्ही चर्चच्या समेटासाठी बायझंटाइन सम्राट स्वतः शेकडो माणसांनिशी फेरारा आणि फ्लॉरेन्सला येऊन राहिला, त्यांत प्लेथोन आणि बेसारिओन हे ग्रीक विद्वान होते. इटलीची ग्रीक ज्ञानाची भूक शहर पडायच्या आधीची आहे, आणि ती भागवायला माणसं बोलावणं धाडून आणली जात होती.

१४५३ नंतर काही विद्वान आले, त्यांचं मोल कमी लेखू नये. बेसारिओन तर आधीपासून इटलीत कार्डिनल होता; शहर गेल्यावर त्याने ग्रीक ग्रंथ जमवायचा ध्यास घेतला आणि १४६८ मध्ये तो सगळा संग्रह व्हेनिसला दिला. पण १४९० च्या सुमारास फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची याला हस्तलिखितं हवी झाली, तेव्हा त्याचा माणूस यानुस लास्कारिस ती विकत घ्यायला ऑटोमन मुलुखातच गेला आणि दोनशेच्या आसपास घेऊन आला. ज्ञान एकाच रात्री पश्चिमेला पळून गेलं नव्हतं. मेहमद स्वतः ग्रीक हस्तलिखितं जमवत होता, आमिरुत्झेस या ग्रीक विद्वानाकडून प्राचीन भूगोलतज्ज्ञ टॉलेमीच्या ग्रंथावरून नकाशा करून घेत होता. कॉन्स्टँटिनोपलची भीषण लूट याआधी एकदा झाली होती, १२०४ मध्ये, आणि ती केली होती व्हेनिसच्या जहाजांतून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी.

मग १४५३ ने काहीच बदललं नाही?

बदललं, आणि ज्यांना खरोखर चटका बसला त्यांची नावं सांगता येतात. जिनोआ. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फोकेया इथल्या तुरटीच्या खाणी १४५५ मध्ये त्यांच्या हातून गेल्या. कापडाला रंग पक्का बसायला तुरटी लागते. युरोपचा सगळा कापडधंदा तिच्यावर उभा होता. जिओव्हानी दा कास्त्रो हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये रंगाचा धंदा केलेला माणूस रोमजवळच्या तोल्फाच्या डोंगरात फिरत होता. तिथे त्याला एक झुडूप दिसलं, आशियातल्या तुरटीच्या डोंगरांवर उगवतं तसंच. त्याने दगड भाजून पाहिले, तुरटी निघाली, आणि १४६१-६२ च्या सुमारास त्याने पोपला जाऊन सांगितलं की आज मी तुम्हाला तुर्कांवरचा विजय आणून देतोय. पोपने लगेच त्या खाणींची मक्तेदारी बसवली. १४७५ मध्ये काफ्फाही ऑटोमनांनी घेतलं, आणि काळ्या समुद्रातला गुलामांचा आणि धान्याचा जिनोआचा व्यापार आटला. जिनोआचा पैसा आणि माणसं पश्चिमेकडे, स्पेन-पोर्तुगाल आणि मदेइराच्या उसाकडे, आणखी जोराने वळली. १४५३ आणि अटलांटिक यांच्यात धागा आहे तो हा. बारीक आहे, वाकडातिकडा आहे, आणि त्यात मिरी नाही.

वाट अडवली कुणी?

१५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा आला. कन्नूरजवळच्या समुद्रात त्याने मक्केहून परतणारं 'मिरी' नावाचं जहाज धरलं. त्यावर शेकडो यात्रेकरू होते, बायका आणि मुलंही. त्यांनी खंडणी देऊ केली. जहाजावरचा माल काढून घेतल्यावर गामाने ते माणसांसकट जाळायला लावलं. बायका दागिने आणि हातातली तान्ही मुलं वर धरून दयेची भीक मागत होत्या, हे गामाच्याच ताफ्यातल्या तोमे लोपेशने लिहून ठेवलंय. अशा प्रसंगांना 'मार्ग शोधणं' म्हणायची सवय आपण सोडायला हवी.

यानंतर पोर्तुगीजांनी ही अडवणूक ठरवून केली. होर्मुझ घेतलं, एडन घ्यायचा प्रयत्न १५१३ मध्ये फसला. आमचा परवाना घेतल्याशिवाय या समुद्रात जहाज सोडायचं नाही, असा दंडक बसवला; परवाना नसेल तर माल जप्त. शतकानुशतकं सगळ्यांना मोकळा असलेला समुद्र असा विकत मिळू लागला. कैरोच्या सुलतानाने सुएझहून आरमार पाठवलं. त्याने १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना हरवलं, त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा तिथे मारला गेला. पुढच्या वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला. त्यानंतर मामलुकांना नवं आरमार उभारायला लाकूड, तोफा आणि तोफांची दारू पाठवली ती ऑटोमन सुलतान बायझिद दुसरा याने.

इजिप्त ऑटोमनांकडे गेल्यावर तांबड्या समुद्राची वाट पुन्हा सजीव झाली. सुमात्रातल्या आचेहून मिरीची जहाजं पोर्तुगीजांना चुकवून थेट तिकडे येऊ लागली, आणि १५६० च्या दशकात अलेक्झांड्रियात पोचणारी मिरी गामाच्या आधीच्या काळाच्या तोडीची होती. व्हेनिसचे व्यापारी पुन्हा तिथे माल भरत होते. १५६८ च्या जानेवारीत इस्तंबूलहून इजिप्तच्या सुभेदाराला हुकूम सुटला: पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वाटेवर यात्रेकरूंना आणि व्यापाऱ्यांना अडवतायत, तेव्हा भूमध्य समुद्रापासून सुएझपर्यंत कालवा खणता येईल का, किती लांब होईल आणि त्यातून किती जहाजं जातील, ते कारागीर पाठवून पाहून कळवा.